बंपर, डावी बाजू

मैनोद्दीन शेठ रात्री अकराला फोटो पाठवतात.
सहा गाड्या, छप्पन्न फोटो,
खाली एकच ओळ: सकाळी नवापर्यंत, जरा चकाचक.

चकाचक म्हणजे काय ते मला आता कळतं.
होटगी रोडची धूळ काचेवरून उचलायची,
आभाळ निळं करायचं, पण बेतानं,
मे महिन्यात सोलापूरचं आभाळ निळं असतं
यावर गिऱ्हाईकसुद्धा विश्वास ठेवत नाही.
टायर काळे. मागची रसवंती गायब.
बोनेटखाली झोपलेलं कुत्रं गायब,
सावली मात्र राहते त्याची,
ती वेगळी पुसावी लागते.

वडील जकार्डवर होते.
मोराच्या पिसाऱ्यात एक धागा चुकला
की अख्खी चादर सेकंडमध्ये.
एकदा पाणी प्यायला उठले तेव्हा स्क्रीनपाशी थांबले,
मी दार इतकं मोठं केलेलं
की दार नव्हतंच, नुसते चौकोन.
इदि मनदे, म्हणाले. हे तर आपलंच.
मग विचारलं, तुटलेल्या जागी नवा धागा कुठून आणतोस?
शेजारचा उचलतो.
म्हणजे चोरीच, म्हणाले,
आणि माठाकडे गेले.

चौथी गाडी पांढरी आल्टो.
नंबर मी वाचत नाही, झाकतो फक्त.
दारावरचं स्टिकर कुणीतरी खरवडून काढलेलं,
पण बाकीचा पत्रा उन्हानं पिवळटला
आणि अक्षरांखालचा तेवढा पांढरा राहिला.
उजेड जरा खाली ओढला तर वर आलं:
महानंदा मोटार ड्रायव्हिं

बिराजदार मॅडम!

होम मैदान, पहाटे साडेपाच.
हातात थर्मासचं झाकण, पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक.
येमूल, क्लच हळू सोड,
ओली चादर झटकतोस काय?
गड्ड्याची जत्रा उठून गेलेली, पाळण्याचा एक खांब मागं राहिलेला.
तो मला दिसला नाही असं नाही.
मी त्याच्याकडेच बघत होतो,
म्हणून तर गाडी तिकडं गेली.
अय्यो शिवने, म्हणत मॅडम उतरल्या,
बंपरवर हात फिरवला,
हा एक कोपरा शिल्लक होता, म्हणाल्या.
पैसे किती विचारलं तर, आधी लायसन काढ.

लायसन काढलं.
गाडी अजून घेतलेली नाही.

फोटो एकतीस. बंपर, डावी बाजू.
चारशे टक्के.
खोक तशीच आहे, आत खांबाचा हिरवा रंग,
तांदळाच्या दाण्याएवढा, सात वर्षं धुवून न गेलेला.

शेठना फोन केला. मॅडम का विकतायत?
गुडघे, म्हणाले. ब्रेक दाबवत नाही आता.
तू ते दारावरचं नाव घालव बाबा आधी.

घालवलं. मागून सुरुवात केली,
शेवटी एकटा म राहिला
आणि मी चहा करून आलो.
मग तोही.
सीटचा फाटका कोपरा शिवला, उजेड घातला आत.
पायाजवळचा एक फोटो होता,
दुसरा ब्रेक काढून टाकलेला, त्याच्या जागी दोन भोकं.
तो वगळ, शेठनी लिहिलेलंच होतं.
मग बंपर.
ब्रश गोल, कडा मऊ, शेजारचं पांढरं उचलायचं
आणि आणून ठेवायचं.
तीन सेकंदांचं काम, पाऊण तास केलं.
खोक गेली.
हिरवा तेवढा राहू दिला.
चारशे टक्क्यांवरच दिसतो तो,
एवढं जवळ जाऊन गाडी कोण बघतंय?

आठ पन्नासला सगळं पाठवलं.
आठ त्रेपन्नला शेठ:
एकतीसमध्ये हे काय हिरवं?

तुमच्या मोबाईलच्या काचेवर असेल, मी लिहिलं.
पुसून बघा.